रुसलेलं बटण

ही गोष्ट सांगायची वेळ आली की मला नेहमी दुसरं काहीतरी काम आठवायचं. गॅसचा नंबर लावायचा असायचा, सोसायटीची पाण्याची टाकी भरली का ते बघायचं असायचं, नाहीतर एकाएकी झोप यायची. बायको म्हणते, "तुम्हाला काही सांगायचं नसलं की तुमचा चष्मा हरवतो." खरं आहे. वीस-पंचवीस वर्षं माझा चष्मा हरवतो आहे. आता बहात्तरी उलटली. टाकीकडे बघायला सोसायटीने माणूस ठेवला आहे आणि चष्मा नाकावर आहे. तेव्हा लिहून टाकतो.

गोष्ट एका बटणाची आहे. संगणकाच्या पडद्यावर दिसतं आणि माउसने दाबतात, तसल्या बटणाची. ते माझ्या एका सहकारी बाईंनी बनवलं होतं. ऐन वेळी ते दगा देऊन गेलं असं सगळ्यांनी मानलं. मी त्याला एक गमतीचं नाव ठेवलं आणि ते नाव बाईंना जन्माचं चिकटलं. त्या बटणात काहीही चूक नव्हती, हे बाईंनाही माहीत नाही. मला माहीत आहे.

वसईजवळ वालीवला आमचा कारखाना होता. आमचा म्हणजे शेठचा, मी नोकर. पत्र्याच्या छपराखाली फरसाणाची पाकिटं भरणारी यंत्रं बनायची. वरून शेव ओता, गाठ्या ओता, चिवडा ओता, खाली वजनाप्रमाणे पाकीट भरून, तोंड बंद होऊन बाहेर पडायचं. त्या यंत्रांच्या आतली इलेक्ट्रॉनिक सर्किटं मी बनवायचो. त्यात एक चिमुकली चिप असते. तिला काय करायचं ते सांगावं लागतं, आणि मी ते असेंब्लीत सांगायचो.

असेंब्ली म्हणजे यंत्राच्या अगदी जवळची भाषा. बाकीच्या भाषांत "चहा कर" म्हटलं की चहा होतो. असेंब्लीत "हात उचल, डबा उघड, चमचा बुडव, चमचा वर घे" असं एकेक सांगावं लागतं. "चमचा सोड" सांगायला विसरलात तर तो गडी जन्मभर चमचा धरून उभा राहतो. मला ही भाषा फार आवडायची. घरी माझं कुणी इतकं ऐकत नसे.

जुनं शतक संपत आलं तेव्हा शेठच्या मनात भरलं की यंत्राला आता संगणक पाहिजे. त्यांनी कुठल्यातरी बंद पडलेल्या ऑफिसातून पाच-सहा जुने संगणक उचलून आणले आणि मला म्हणाले, "यावर खिडक्या उघडायला पाहिजेत. रंगीत. गिऱ्हाइकाने बघितलं की त्याला वाटलं पाहिजे, माल घ्यावा." कुठल्याही शहाण्या माणसाने हे काम एखाद्या सोप्या भाषेत करून महिन्याभरात हातावेगळं केलं असतं. मी म्हणालो, "असेंब्लीतच करू. बाकीच्या भाषा फार लठ्ठ असतात, या म्हाताऱ्या संगणकांना झेपायच्या नाहीत." यातलं निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं, की मला दुसरी भाषा येत नव्हती.

माझ्या मदतीला म्हणून या बाई आल्या. तिशीच्या आसपासच्या, माहेर नंदाखालचं, नुकतंच लग्न होऊन भुईगावला आलेल्या. सासरी फुलांची आणि केळीची वाडी. कॉलेजात संगणक रीतसर शिकलेल्या. आईचा फोन आला की घरच्या बोलीत भरभर बोलायच्या, त्यातला चारातला एक शब्द मला कळायचा. तो बहुधा माझ्याबद्दल असायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं,

"सर, असेंब्लीत खिडक्या? लोक असं करतात?"

"लोक करत नाहीत. आपण करतो."

"का पण?"

"शेठना घाई नाही म्हणून."

"शेठना घाई आहे, सर. मला मुलाखतीत तीनदा सांगितलं त्यांनी."

मी म्हणालो, "तीनदा म्हणजे काहीच नाही. मला रोज सांगतात."

कामाची वाटणी अशी झाली. पडद्यावर फरसाणाच्या प्रकारांची एक यादी दिसणार, ती वर-खाली सरकवता येणार, हवा तो प्रकार निवडायचा. ती यादी माझ्याकडे. यंत्र चालू आणि बंद करायची दोन बटणं बाईंकडे. विंडोजची तयार बटणं असतात, पण ती शेठना पसंत नव्हती. "बारीक आहेत. आपला माणूस बेसनाच्या हाताने दाबणार. बटण पोळीएवढं पाहिजे." त्यामुळे बाईंना बटण पहिल्यापासून बनवावं लागलं, म्हणजे अक्षरशः रेघ रेघ काढून.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना सांगतो. पडद्यावर बटण असं काही नसतंच. एक करडा चौकोन असतो. त्याच्या वरच्या आणि डाव्या कडेला पांढरी रेघ काढली, खालच्या आणि उजव्या कडेला काळी काढली, की तो उठून आल्यासारखा दिसतो. दाबल्यावर पांढऱ्याची काळी आणि काळ्याची पांढरी करायची, की आत गेल्यासारखा दिसतो. एवढीच हातचलाखी. पण कधी आत जायचं, कधी वर यायचं, दाबून धरलं आणि माउस बाहेर सरकला तर काय करायचं, हे सगळं आपणच सांगायचं. बाई त्या शेवटच्या प्रश्नावर आठवडाभर बसल्या होत्या. मी म्हणालो, "दाबलं की काम झालं. एवढा विचार कशाला?"

"नाही सर. दाबल्यावर एखाद्याला वाटलं, नको, चुकलं, तर? त्याला बोट बाजूला काढता आलं पाहिजे. बटण सोडेपर्यंत काहीच घडता कामा नये. माणसाला मन बदलायला जागा नको का?"

मी हसलो. म्हणालो, "बाई, तुम्ही बटण बनवताय की धर्मोपदेश करताय?" त्या म्हणाल्या, "रविवारी चर्चमध्ये ऐकते ते कुठेतरी वापरायला नको?" पण त्यांनी ते जमवलं. इतकं सुरेख जमवलं की दुपारच्या सुट्टीत वेल्डिंगची मंडळी येऊन ते बटण नुसतं दाबून, बोट सरकवून, न सोडता बाजूला काढून बघायची. यंत्र चालायचं नाही आणि सगळे खूश व्हायचे.

आता एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. संगणकाच्या मेंदूत मोजके कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. तेच सगळ्यांनी मिळून वापरायचे. विंडोज जेव्हा तुमच्या बटणाला किंवा यादीला हाक मारते, तेव्हा त्यातल्या चार कप्प्यांत तिच्या स्वतःच्या वस्तू असतात. तुम्हाला ते कप्पे वापरायचे तर वापरा. पण आधी आतलं नीट बाजूला काढून ठेवा, आणि निघताना होतं तसं परत ठेवा. हा नियम बाईंना मीच शिकवला. फळ्यावर चार चौकोन काढून, खडूने हात पांढरे करून शिकवला.

त्या म्हणाल्या, "म्हणजे शेजारणीचं पातेलं."

"बरोबर. वापरा आणि परत द्या."

"पण आमच्याकडे पातेलं रिकामं परत करत नाहीत, सर. काहीतरी घालून देतात."

"आमच्याकडेही तसंच. पण इथे नाही. इथे आलं तसं द्यायचं. स्वतःचं काही घालून दिलंत तर शेजारीण मरते."

बाई इतक्या हसल्या की शेठ केबिनमधून डोकावले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पडद्याच्या चौकटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती: शेजारीण जगू दे. माझ्या पडद्यावर अशी चिठ्ठी नव्हती. मला कशाला हवी? मी नियम शिकवणारा.

पाच-सहा महिन्यांनी यंत्र तयार झालं आणि गिऱ्हाइकाला दाखवायचा दिवस आला. गिऱ्हाईक फरसाणवाले. ते आईला, बायकोला, दोन भावांना घेऊन आले. सोबत स्वतःच्या शेवेची पोती. यंत्राला हार घातला, नारळ फोडला. संगणक त्यांच्याकडे जाणार होता तो, जुन्यातला जुना. त्यावर आम्ही आदल्या संध्याकाळी प्रोग्राम चढवला होता आणि तो उघडतो एवढं बघितलं होतं. माझ्या टेबलावरच्या संगणकावर महिनाभर सगळं सुरळीत चालत होतं, म्हणून मी निर्धास्त होतो.

पहिलं बटण फरसाणवाल्यांच्या आईने दाबावं असं ठरलं. त्यांनी पदर सावरला, देवाचं नाव घेतलं, दाबलं. बटण झोकात आत गेलं. सोडलं, वर आलं. यंत्र धडधडलं, शेव पडायला लागली, टाळ्या झाल्या. माझ्या यादीतली 'बारीक शेव' ही ओळ निळी होऊ लागली आणि पडदा तसाच गोठला. पाकिटाची पट्टी थांबली, शेव मात्र थांबली नाही. बंद करायचं बटण कुणी दाबलं तरी ते ढिम्म हलेना. शेठ दाबतायत, मी दाबतोय, फरसाणवाले दाबतायत, आणि शेव टेबलावरून जमिनीवर, जमिनीवरून चपलांवर. मेन स्विच खोक्यांच्या मागे होता. खोकी हलवून तो पाडेपर्यंत आजी घोट्यापर्यंत शेवेत उभ्या होत्या. त्यांनी वाकून चिमूटभर उचलली, तोंडात टाकली आणि मुलाला म्हणाल्या, "ओवा कमी पडलाय रे."

शेठचा चेहरा लाल. सगळे पडद्याकडे, म्हणजे बटणाकडे बघत होते. कारण दाबलं ते बटण, आणि थांबेना तेही बटण. काहीतरी बोललं पाहिजे म्हणून मी म्हणालो, "शेठ, बटण रुसलं."

आधी आजी हसल्या, मग फरसाणवाले, मग शेठसुद्धा. ताण सैल झाला. सौदा मोडला नाही, एक आठवड्याची मुदत मिळाली. मी कारखाना वाचवल्यासारखा खूश होतो. बाई हसल्या, पण सगळ्यांच्या नंतर. हातात झाडू घेऊन त्या शेव गोळा करत होत्या. अजून मला ते आठवतं: कॉलेजात शिकलेली बाई, दहा माणसं उभी असताना, आपणच सांडलं आहे अशा समजुतीने खाली बसून शेव भरत होती.

शेठनी त्याच दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं. "आता तुम्ही एकट्याने बघा. बाईंना कोडला हात लावू देऊ नका. त्यांना कोटेशनं टाइप करायला द्या." मी मान हलवली. तोवर मलाही बटणाचाच संशय होता, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो. फार काही नाही, पण आहे.

तो जुना संगणक मी माझ्या टेबलावर आणून ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, मी बाईंचं बटण काढलं आणि विंडोजचं साधं बारीक बटण लावलं. दाबलं. पडदा तसाच गोठला. डबा न उघडता मी माझी यादी वाचायला घेतली.

बटण दाबलं की यादीला निरोप जात होता: निवडलेली ओळ निळी कर. ओळी मोजायला मी एक कप्पा वापरला होता, त्या चारांपैकीच एक. त्यातलं आधीचं बाजूला काढून ठेवलं नव्हतं, म्हणून परतही ठेवलं नव्हतं. विंडोजला तिचं पातेलं परत मिळालं ते माझ्या फरसाणाच्या मोजणीने भरून. माझ्या टेबलावरच्या संगणकात विंडोजची जरा समंजस जात होती, ती असलं चालवून घ्यायची. जुन्या संगणकातली चालवून घेत नव्हती.

ही चूक बाईंच्या हातून झाली नसती. त्यांच्यासमोर चिठ्ठी होती. ही चूक माझ्यासारख्याच माणसाची. मी आयुष्यभर एकलकोंड्या चिपांवर काम केलेलं. तिथे सगळे कप्पे आपलेच, परत कुणाला द्यायचे? एकट्याने खोली घेऊन राहणारा माणूस संसारात आला की ओला टॉवेल पलंगावर टाकतो, तसला प्रकार. बायकोला विचारा, तो टॉवेलवालाही मीच.

दुरुस्ती दोन ओळींची. सुरुवातीला एक, कप्प्यातलं बाजूला ठेवायची. शेवटी एक, परत ठेवायची. बाईंचं पोळीएवढं बटण पुन्हा जागेवर लावलं. सगळं उत्तम चाललं. बंद करायचं बटणही चाललं. बोट बाजूला सरकवलं तर यंत्र सुरू होत नव्हतं.

शेठनी विचारलं, "झालं?" मी म्हणालो, "हो. आता बटण नीट चालतं."

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी खोटं बोललो नाही. बटण नीट चालत होतंच, आधीपासून चालत होतं. असेंब्लीवाल्या माणसाला असा एकेक शब्द तपासून बोलायची सवय असते. शेठनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, "तुम्ही होता म्हणून." ती थाप पाठीवर पडत असताना खरं सांगायचं तर अंगात एक वेगळी ताकद लागते. ती माझ्यात नव्हती. मी चहा घेतला.

संध्याकाळी बाई टेबलाशी आल्या. "सर, काय चुकलं होतं माझं?"

मी म्हणालो, "बारीकसंच होतं. होतं असं."

"दाखवाल?"

"आता बदलून टाकलं मी. विसरा ते."

त्यांनी स्वतःच्या बटणाचा सगळा कोड छापून घरी नेला. पंधरा दिवस त्या तो वाचत होत्या. बसमध्ये, वाडीत, स्वयंपाक होता होता. मला रोज विचारायच्या, "या ओळीत तर नव्हतं?" मी म्हणायचो, "नाही." "मग या?" "नाही हो." नाही म्हणताना मला थोडं बरं वाटायचं, निदान हे तरी खरं बोलतोय. पंधरा दिवसांनी ते कागद त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले आणि हसत म्हणाल्या,

"सर, चूक होणं समजू शकते. पण तुम्ही सांगून, सगळं डोळ्यांसमोर असून, मला ती दिसतसुद्धा नाही. म्हणजे हे काम माझं नाही."

मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "कोटेशनं छान करता तुम्ही."

वर्षाच्या आत त्यांनी नोकरी सोडली आणि वाडीत लक्ष घातलं. निरोपाला पेढे वाटले, माझ्या हातात दोन दिले. म्हणाल्या, "एक तुम्हाला, एक रुसलेल्या बटणाला." तेव्हापासून तो आमचा विनोदच होऊन बसला. वसईच्या बाजारात भेटल्या की मी विचारायचो, "काय म्हणतंय बटण?" त्या म्हणायच्या, "अजून रुसलंय." माझी बायको सोबत असली की ती माझ्याकडे बघायची. तिला मी दोन-तीन वर्षांनी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "मला सांगून काय उपयोग? मी कुठे बटण बनवलं?"

एकदा बेकरीसमोर भेट झाली. त्यांची मुलगी दहावी झाली होती. बाई म्हणाल्या, "कम्प्युटरला जाते म्हणते. मी म्हटलं, बाय माझे, आईचं बटण आठव. आपल्या घरात ते चालत नाही." मुलगी बाजूला उभी राहून लाजत हसत होती. माझ्या हातात भाजीची पिशवी होती. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "हो, ते क्षेत्र आता फार बदललंय." मुलगी नर्सिंगला गेली. आज चांगली नोकरी करते, लोक नाव घेतात. त्यामुळे काही बिघडलं नाही असं मी म्हणू शकतो, आणि म्हणून बघितलं आहे. रात्रंदिवस राबणाऱ्या त्या मुलीला बटणं बनवायला आवडली असती का, हे मात्र मला कधीच कळणार नाही.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. त्यांच्यात अशा समारंभात एकजण उठून टोस्ट म्हणतो. जोडप्याबद्दल चार गोड शब्द बोलतो, पाहुणे पेले धरून उभे असतात, बोलणं संपलं की सगळे मिळून घोट घेतात आणि बँड सुरू होतो. बाईंचे यजमान स्वतः घरी आले. म्हणाले, "टोस्ट तुम्हीच म्हणायचा. तिचे सर तुम्हीच."

मी ठरवलं, इथेच. सगळ्यांच्या समोर झालं ते सगळ्यांच्या समोर मिटवायचं. आठवडाभर स्वयंपाकघरात स्टीलचा पेला धरून तालीम केली. बायको परीक्षक. तिने सांगितलं, "गमतीने सुरू करा, मग खरं सांगा. एकदम खरं सांगितलंत तर लोकांना वाटेल, चढली."

हॉल भरला होता. माझ्या पेल्यात कोकम सरबत होतं. मी म्हणालो, "यांनी माझ्या हाताखाली एक बटण बनवलं होतं. ते पहिल्याच दिवशी रुसलं. पण यांच्या यजमानांचं नशीब बघा, पंचवीस वर्षांत घरात कुणी रुसलेलं ऐकिवात नाही." हशा पिकला. बाई तर डोळ्याला रुमाल लावून हसत होत्या. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं: पण मंडळी, ते बटण रुसलं नव्हतं. हसू ओसरावं म्हणून मी थांबलो. बँडवाल्याला वाटलं, संपलं.

ट्रम्पेट वाजली, पेले वर गेले, सगळे प्यायले. मीही प्यायलो.

घरी येताना मी बायकोला म्हणालो, "हात वर केला असता तर थांबला असता बँड. पण हातात पेला होता."

"दुसरा हात?" ती म्हणाली.

त्यानंतरची दोन वर्षं चष्मा पुन्हा हरवला. गेल्या वर्षी मात्र माळ्यावरून जुने कागद काढले. कडेला भोकं असलेला तो लांब कागद, शाई पुसट झालेली. माझ्या यादीचं पान सापडलं. मी हाताने घातलेल्या त्या दोन ओळींवर लाल पेनने खूण केली. बोलता आलं नाही तर कागद बोलेल, असा हिशेब. रिक्षा करून भुईगावला गेलो.

बाई वाडीत सोनचाफा काढत होत्या. टोपली कमरेला, केस पिकलेले. "सर! इतक्या उन्हाचे? बटणाने पाठवलं का?"

मी कागद पुढे केला. त्यांनी हात लांब करून बघितला, पुन्हा जवळ धरला. "असेंब्ली ना हे? अगं बाई. मला आता एक अक्षर कळत नाही."

"या दोन ओळी बघा. लाल केलेल्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खळखळून हसल्या. "धन्य आहे सर तुमची! अजून लाल शाई? पंचवीस वर्षांनी माझी चूक शोधून घेऊन आलात?"

"नाही, ती..."

"राहू द्या हो. तेव्हा पंधरा दिवस नुसती वेड्यासारखी शोधत होते. आता मला बघायचीच नाहीये. सुटले मी त्यातून."

आणि बोलता बोलता त्यांनी त्या कागदाची पुडी वळली, टोपलीतला चाफा मूठमूठ भरला, वरून दुमडली आणि माझ्या हातात दिली. "वहिनींना द्या. केसात घालायला."

ती माझी चूक आहे, असे चार शब्द होते. मी म्हणालो, "चाफा छान आलाय यंदा."

घरी बायकोने पुडी सोडली. फुलं ताटलीत काढली, कागद सरळ केला, लाल खुणा बघितल्या.

"दिलात?"

"दिला."

"मग परत कसा आला?"

मी चष्मा पुसायला घेतला. तिने कागद हाताने साफ करून माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाली, "रिकामा तरी दिला नाही त्यांनी."

तो कागद आत्ता समोर आहे. चाफ्याचे डाग पडून तपकिरी झाला आहे, पण मागची बाजू कोरी आहे. तिथे मी बाईंना सांगायचं ते लिहून काढलं आहे, तेच खाली उतरवतो.

बाई, बटण रुसलं नव्हतं. तुम्ही पंधरा दिवस शोधलीत ती चूक तुम्हाला दिसली नाही, कारण ती तुमच्या कागदांत नव्हतीच. ती माझ्या यादीत होती. शेजारणीचा नियम तुम्ही पाळलात, मी मोडला. तिसऱ्या दिवशी दुपारी मला ते कळलं आणि मी गप्प बसलो. शेठसमोर बसलो, तुम्ही कागद घेऊन विचारत होतात तेव्हा बसलो, तुमच्या मुलीसमोर बसलो, भरल्या हॉलमध्ये बसलो, आणि गेल्या वर्षी तुमच्या वाडीतही बसलो. लाल केलेल्या दोन ओळी माझ्या आहेत. ते काम तुमचं होतं, बाई. तुम्हाला ते येत होतं, माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. मला क्षमा करा.